तावदानापलीकडचा हात

आमच्याकडं दसरा आपला आपण येत नाही, तो काढावा लागतो. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हमखास विचारतो, काढायचा म्हणजे कुठून? घरातून काढायचा, दुसरं काय! पितृपंधरवडा उतरणीला लागला की घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची, माळ्यावरची भांडी खाली घ्यायची, डबे पालथे करायचे, जळमटं काढायची. घट बसायच्या आत एकही वस्तू बिनधुतलेली राहता कामा नये. याला दसरा काढणं म्हणतात. त्या दिवसांत पाऊस सरत आलेला असतो, जाताजाता एखादी सर टाकतो. ऊन चटचटीत असतं आणि गल्लीतल्या प्रत्येक कठड्यावर गोधडी लोंबत असते. ओल्या वाकळांचा, सोड्याचा आणि चिंचेनं घासलेल्या पितळेचा मिळून एक वास येतो. तो वास आला की मला माहेरी जावंसं वाटतं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी जातेच.

यंदाही निघाले. वडगावच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघत होते तर नवऱ्याचा फोन आला. जेवणाचा डबा सापडत नव्हता, म्हणून. तो सापडला, मग म्हणाला, "यंदा कशाला चाललीयस? काचा तर गेल्या की." मी म्हटलं, दसरा काय नुसत्या काचांचाच असतो काय? आणि फोन ठेवला. पण बोलणं खरं होतं. बाकीचा दसरा आई आणि भावजय मिळून कधीच उरकतात. मी जायची ती तावदानं पुसायला. ते काम एकटीचं नव्हतं आणि त्या कामाला आईला माझ्याशिवाय दुसरं कुणी चालायचं नाही. उन्हाळ्यात ती तावदानं निघाली. त्यानंतरचा हा पहिलाच दसरा, आणि आपण नेमकं कशासाठी चाललोय हे एस.टी.त बसल्यावर मलाही सांगता आलं नसतं.

आमचं घर शाहूपुरीत. खाली दुकान, वर आम्ही. दुकान काचेचं, म्हणजे आबांचं, माझ्या वडिलांचं. देवाच्या तसबिरींना, खिडक्यांना, शोकेसला काच कापून द्यायची आणि बसवून द्यायची. आबांकडं काच कापायचा हिरा होता. पट्टी धरून ते हिरा ओढायचे तेव्हा काचेवर बारीक 'कर्र' असा आवाज यायचा. तो आवाज सलग आला तर काच सरळ तुटणार, मधे अडखळला तर वाकडी जाणार. वर आम्ही अभ्यासाला बसलेलो असायचो आणि खालून आवाज अडखळला की आई पोळी लाटता लाटता म्हणायची, गेली. मग खालून आबांची एक शिवी ऐकू यायची.

तो काळ असा होता की गावात सगळ्यांना नवी काच पाहिजे होती. जुन्या काचेत लाटा असायच्या, बुडबुडे असायचे, पलीकडचा माणूस वाकडा दिसायचा. नवी काच सपाट, स्वच्छ. लोक आबांना बोलवायचे, जुनी काच काढून टाका म्हणायचे. आबा काढायचे, पण टाकायचे नाहीत. पोत्यात गुंडाळून, सायकलला बांधून, चालत घरी आणायचे. आई विचारायची, हे आणि कशाला? तर ते एवढंच म्हणायचे, "टाकवत न्हाई." त्यांनी याच्यापेक्षा जास्त कारण मला तरी कधी सांगितलं नाही. हल्ली लोक जुन्या काचेवर काय काय बोलतात, मोबाइलवर मोठमोठे लेख लिहितात. आबांनी त्यातलं एक अक्षर उच्चारलं नसेल.

तर अशा काढलेल्या काचांची आमच्या घराला खिडकी झाली. खिडकी म्हणजे काय, रस्त्याकडची अख्खी भिंतच. बाहेर लाकडी सज्जा, आत आमची बैठकीची खोली, आणि मधे वरपासून कमरेपर्यंत तावदानंच तावदानं. चौकट केली ती दस्तगीरमामांनी. ते सुतार, आबांचे दोस्त, गळा असा की शाहूपुरीत बोलले तर स्टेशनवर ऐकू जावं. दोन तावदानं एका मापाची नव्हती, त्यामुळं चौकटीचं प्रत्येक घर वेगळं कापावं लागलं. मामा दिवसभर आबांच्या नावानं ओरडत होते म्हणे, की सगळ्या गावाला मापात काच देतोस आणि माझ्याच नशिबाला हे का? पण चौकट अशी केली की आत एक खिळा सापडायचा नाही. खाचा करून लाकडात लाकूड बसवलेलं. तावदानं बसली ती लांबीत. जवसाचं तेल आणि खडूची पूड मळून आबा लांबीचा गोळा करायचे, कणकेसारखा, आणि काचेच्या कडेनं अंगठ्यानं दाबत न्यायचे. ती वाळून दगडासारखी झाली तरी अंगठ्याचे ठसे तसेच दिसायचे, एकापुढं एक, चौकटीच्या चारी बाजूंनी.

आईला ही खिडकी कधी आवडली नाही. तिची बाजू मला आता कळते. काचेच्या दुकानदाराची बायको, आणि घरात एक काच दुसरीसारखी नाही! एक हिरवी, एक लाल, एक पिवळसर, एक दुधी, एक बिनरंगाची पण लाटांची. शेजारणीच्या घरी आबांनीच बसवलेली नवीकोरी सपाट काच, आणि हिच्याकडं उतरलेली. आई म्हणायची, "गावाचं उष्टं माझ्या भिंतीला." आणि हे ती आबांच्या तोंडावर म्हणायची. आबा हसायचे आणि खाली दुकानात जायचे.

तरी तिनं तावदानांना नावं ठेवली होती, म्हणजे खरोखरची नावं. हिरवी ती डॉक्टरीणबाई, कारण ती एका दवाखान्याच्या दारावरची. दुधी ती शाळा. तिच्या एका कोपऱ्यात कुणीतरी टोकदार कशानं तरी खरवडून एक अक्षर काढलं होतं. एका तावदानावर रंगानं लिहिलेला 'हा' होता, चहाच्या हाटेलातला. त्याचा 'च' दुसऱ्या तावदानावर असणार आणि ते कुठं गेलं कुणास ठाऊक. लाल ती शेठाणी. एका पेढीच्या जिन्यावरून आलेली, सगळ्यांत देखणी आणि आईच्या मते सगळ्यांत बिनकामाची. कारण सकाळचं ऊन शेठाणीतून आलं की खोलीत लाल चौकोन पडायचा, तो नेमका आई तांदूळ निवडायला बसते तिथं. लाल उजेडात खडा दिसत नाही. आई सूप उचलून सरकायची, थोड्या वेळानं चौकोनही सरकून तिच्यामागं यायचा. आई पुन्हा सरकायची आणि आम्ही भावंडं हसायचो.

दसऱ्याला ही सगळी मंडळी पुसायची असत. लांबी करायची खडूची पूड दुकानात असायचीच. ती पाण्यात कालवून तावदानांना दोन्ही बाजूंनी लावायची. वाळली की सगळी भिंत पांढरी होऊन जायची. मग आई आत आणि मी बाहेर सज्जात. आई सज्जात यायची नाही, रस्त्यावरनं लोक बघतात म्हणून. मला लोकांनी बघितलेलं चालायचं. जुन्या धोतराचं फडकं तिच्या हातात, तसंच माझ्या हातात. जुनी काच पातळ असते आणि लांबी कुठं सुटली असेल सांगता येत नाही. एका बाजूनं जोरानं पुसलं तर तावदान पलीकडं जाऊन पडायचं. म्हणून रीत अशी, की एकीनं पुसायचं आणि दुसरीनं पलीकडून त्याच जागी तळहात धरायचा. ती पुसेल तसा आपला हात तिच्या हाताबरोबर फिरवायचा. मग मी पुसायचं आणि तिनं हात धरायचा. पांढऱ्यातून आधी तिची बोटं दिसायची, मग बांगड्या, मग कुंकू. शेवटी सगळा चेहरा. पण तोही सरळ नाही. डॉक्टरीणबाईतून आई हिरवी आणि लांबोडकी, 'हा'मधून तिचं नाक एका लाटेवर चढलेलं. मी हसले की ती रागवायची, कारण तिला मीही तशीच दिसत असणार.

आणि डागाचं भांडण. काचेत बुडबुडे आणि रेघा इतक्या, की डाग दिसला तर तो आतून आहे का बाहेरून का काचेच्या पोटात, कळायचंच नाही. "डाग तुझ्याकडं हाय का माझ्याकडं?" हे मी इतक्या वर्षांत किती वेळा ऐकलं असेल! मी म्हणायची तुझ्याकडं, ती म्हणायची तुझ्याकडं. दोघी घासायचो आणि तो बुडबुडाच निघायचा. काचेतून आवाज नीट जायचा नाही म्हणून दोघी ओरडून बोलायचो, आणि खालून कुणीतरी ओळखीचं ओरडायचं, काय वैनी, भांडण कशावरनं? आई आतूनच उत्तर द्यायची. ते काही त्याला ऐकू जायचं नाही.

खरं सांगायचं तर आईशी माझं बोलणं झालं ते तिथंच. घरात ती कामात असायची, आणि आमच्यात आईनं मुलीला जवळ घेऊन बसायची पद्धत नव्हती. पण काचेच्या दोन बाजूंना हाताला हात लावून उभ्या राहिलो की ती काय काय बोलायची. माझ्याकडं बघत नसायची, डागाकडं बघत बोलायची. तिच्या आईचं दुखणं, तिनं शाळा सोडली ते, माझा पहिला भाऊ जन्मताच गेला ते, मला त्या काचेतूनच कळलं. अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. पुन्हा सांग म्हणायचं धाडस झालं नाही.

मला बघायला पाव्हणे यायचे ठरले त्या वर्षीची गंमत सांगते. दसरा तोंडावर होता. आईनं मनाशी घेतलं की पाव्हण्यांना ही चित्रविचित्र भिंत दिसता कामा नये, मुलगी चांगली आणि घर भंगारवाल्याचं असं म्हणतील. आबा माल आणायला सांगलीला गेले होते. तिनं मैद्याची खळ केली, भावाला कागद आणायला पिटाळलं, आणि सगळ्या तावदानांना आतून जाड पांढरा कागद दुहेरी चिकटवून टाकला. आबा आले, बघितलं, म्हणाले घर आजारी पडल्यागत दिसतंय. पण काढा म्हणाले नाहीत. पाव्हणे आले, वडगावचे, बाजारात धान्याचं दुकान असलेले. सासरे बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते, जरा लाइट लावा. लाइट लावली. मी पोह्यांची ताटली घेऊन दारात आले आणि लाइट गेली. खोलीत काळोख. कुणाच्या तरी पायात स्टूल आलं. आबा हसू दाबत होते. शेवटी आईनंच उठून हाताला लागेल तिथला कागद नखांनी टराटरा फाडला. ती शेठाणी निघाली. लाल उजेड आला तो थेट माझ्यावर. नवरा अजून चारचौघांत सांगतो, मला बघायला बोलावली ती मुलगी गोरी का सावळी मी सांगू शकत नाही, मी पास केली ती लाल होती.

पुढं आठवडाभर आई तो कागद सोडवत होती. खळीला मुंग्या लागल्या होत्या. त्या वर्षीचा दसरा आम्ही काढला तो सगळ्यांत मोठा. पुसता पुसता ती म्हणाली, पुढल्या वर्षी तू कुठं असशील. मी म्हटलं, इथंच, सज्जात. आणि खरंच दर वर्षी आले. पोरं झाली तेव्हा त्यांना नवऱ्याकडं सोडून आले. मी दूध संस्थेत नोकरीला आहे, तिथं या दिवसांत माझी रजा कुणी विचारत नाही, आपोआप धरतात.

आबा गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. दुकान राजूनं घेतलं, म्हणजे धाकट्या भावानं. तो काच कापत नाही, कापलेली मागवतो. ॲल्युमिनिअमच्या सरकत्या खिडक्या, न फुटणारी टफन काच, बाथरूमची दारं. हुशार आहे, काम चांगलं करतो, गावात नाव आहे. खंडेनवमीला आबांचा हिरा अजून पूजेत मांडतो, त्याच्या ड्रिल मशीनच्या शेजारी, त्यालाही झेंडूचं फूल वाहतो. गेल्या पावसाळ्यात खिडकीतून पाणी आत आलं. चौकटीला खालून वाळवी लागली होती. राजूनं आईला सांगितलं, आता तुला सगळी एकसारखी काच बसवून देतो. आईनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज मी ओळखला नाही. म्हणाली, तुझ्या बापानं न्हाई केलं, पोरानं केलं.

मी राजूशी भांडले. फोनवर भांडले, मग जाऊन भांडले. म्हटलं, वाळवी लाकडाला लागलीय, काचेला नव्हे. चौकट नवी कर, तावदानं तीच ठेव. अशी काच आता कुठं होत नाही, कुणी करणार नाही. म्हटलं, आबांचं दुकान चालवतोस आणि आबांचीच खिडकी मोडतोस? तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, तू वर्षातनं एकदा येतीस. पाणी कुणाच्या अंथरुणावर येतंय?" आई तिथंच शेंगा सोलत बसली होती. तिला काय पाहिजे ते तिच्या तोंडावर दिसत होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं बाईनं एका सरळ खिडकीची वाट बघितली होती. मी कोण नको म्हणणारी? आणि तरी मला नकोच होतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि त्याला माझा इलाज नव्हता.

मग मी एवढंच मागितलं, की फोडून काढू नका, सोडवून काढा, मी घेऊन जाते. राजू कबूल झाला. दस्तगीरमामांना रिक्षानं आणलं. ते आता वाकलेत, कानानं कमी ऐकतात, पण आवाज तोच. खिडकीसमोर उभे राहिले आणि पहिल्यांदा स्वतःचंच कौतुक करून घेतलं, की बघा, सांधा कुठं हाललाय का! मग वाळवीला शिव्या दिल्या. चुना आणि धुण्याचा सोडा ओला कालवून त्यांनी लांबीवर थापला, त्याच्यावर ओली फडकी लावली आणि उद्या येतो म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी लांबी मऊ पडली होती. मामांनी पटाशी लावून डॉक्टरीणबाईला हात घातला आणि ती त्यांच्या हातात फुटली. मामा खाली बसले. थोड्या वेळानं म्हणाले, चहा न घेता काम सुरू केलं, चुकलंच. चहा झाला. नंतरची बहुतेक तावदानं सुटली, पण सगळी नाही. 'हा' तडकला. शेठाणी शेवटी काढली. मामांनी पटाशी लावली, आई आपण होऊन उठली, बाहेर सज्जात गेली, भर रस्त्यासमोर, आणि पलीकडून तळहात धरून उभी राहिली. शेठाणी अख्खी निघाली.

खाली लांबीचे तुकडे पडले होते. त्यांच्यावर आबांचे अंगठे होते. मी एक तुकडा उचलला, तो चुन्यानं भिजलेला होता, बोटांत धरताच त्याचा चिखल झाला. आईनं खराटा आणला आणि सगळं सुपलीत भरून टाकून दिलं. मला फार वाईट वाटलं. तिला वाटलं का नाही, कळलं नाही. कचरा टाकून आली आणि जुनी लुगडी काढून बसली, एकेक तावदान लुगड्याच्या फाडीत गुंडाळून सुतळीनं बांधायला. बाळाला गुंडाळतात तसं गुंडाळत होती. कुठं ठेवणार हायस, म्हणाली. मी म्हटलं, वडगावला घरात मधे एक आडोसा करून घेणार, मामा करून देणार आहेत. मामा मोठ्यानं म्हणाले, लाकूड आण, करून देतो.

गणपतीच्या आधी मामा अंगणात पडले. खुब्याचं हाड मोडलं. आता अंथरुणावर आहेत. मी भेटायला गेले तर मला म्हणाले, सागवान घे, दुसरं घेऊ नको. वडगावात मी आणखी एका सुताराला विचारलं. त्यानं एक तावदान उलटंपालटं करून बघितलं, प्रत्येकाचं माप वेगळं आहे म्हटल्यावर परत दिलं. म्हणाला, ताई, प्लायवूड आन सनमायका सांगा, चार दिवसांत उभा करतो. तर तावदानं आमच्या कपाटामागं उभी आहेत, आईच्या लुगड्यात. हायवेवर नवं हाटेल काढणारा एक तरुण दोनदा येऊन विचारून गेला. त्याला जुन्या काचांची सजावट करायची आहे. आईला फोनवर सांगितलं तर खूप हसली. म्हणाली, आता माझं उष्टं गावाला पायजे व्हय? देऊ का, मी विचारलं. तर म्हणाली, तुझं तू बघ. मी दिली नाहीत. पण ती ठेवून मी त्यांचं काय करतेय, हेही मला ठाऊक नाही. कधी दुपारी एकटी असले की शेठाणी सोडते, गॅलरीत उन्हात धरते. आमच्या गॅलरीत ऊन थोडं येतं. फरशीवर लाल चौकोन पडतो, मग माझे हात भरून येतात, मी तिला पुन्हा बांधून ठेवते.

असं सगळं डोक्यात घेऊन यंदा माहेरी पोचले. वाकळा धुऊन झाल्या होत्या, कठड्यावर होत्या. भावजय भांडी घासत होती. आईनं मला बघून आलीस व्हय, एवढंच म्हटलं आणि चहा टाकला. नवी खिडकी मी पहिल्यांदा उन्हाची बघत होते. राजूनं काम खरंच छान केलंय, उगाच नावं कशाला ठेवू? मोठमोठे स्वच्छ सरकते पल्ले, पांढरी चौकट, पाण्याचा एक थेंब आत येत नाही. खोलीत सगळीकडं एकसारखा पांढरा उजेड. आईचं तांदळाचं सूप खिडकीपाशी होतं आणि ती कुठंही न सरकता निवडत होती.

दुपारी ती म्हणाली, काच तेवढी राहिलीय. खडूची पूड नव्हती, बाटलीतलं निळं पाणी होतं फवारायचं. मी फडकं घेतलं आणि सवयीनं बाहेर सज्जात जाऊन उभी राहिले. आईनं आतून फवारा मारला. मी पलीकडून तळहात धरला.

काचेत एक रेघ नाही, बुडबुडा नाही. आई मला सरळ दिसली. इतकी सरळ मी तिला कधी बघितलीच नव्हती बहुतेक. दंड किती बारीक झालेत, बांगड्या कोपरापर्यंत उतरतायत, मान थोडी हलते. इतकी वर्षं तिचा चेहरा लाटांवरून वरखाली व्हायचा आणि मी हसायची. आज त्यातलं काही नव्हतं. मी माझा हात तिच्या फडक्याबरोबर फिरवत राहिले.

आई थांबली. माझ्या हाताकडं बघितलं आणि हसली. काच इतकी जाड की ती काय म्हणाली ते अजिबात ऐकू आलं नाही. मग तिनं एका बोटानं पल्ला सरकवला. माझ्या तळहाताखालून काच निघून गेली.

"हात कशाला धरतीस? ही पडत न्हाई आता," ती म्हणाली. मग मोकळ्या जागेतून हात बाहेर काढून तिनं बाहेरची बाजूही स्वतःच पुसली, खालपासून वरपर्यंत. पल्ला इकडून तिकडं, तिकडून इकडं. लहान पोर नवीन खेळणं दाखवतं तसं ती मला दाखवत होती. एक चहा गार व्हावा एवढ्या वेळात सगळी खिडकी झाली. मी कोरडं फडकं धरून सज्जात उभी.

"बघ, एकटीनं झालं," आई म्हणाली. "तुझे लई हाल केले मी इतकी वर्षं. आता दसऱ्याला धावत यायचं न्हाई. पावणीगत यायचं. बसायचं, जेवायचं, जायचं."

हे ती इतक्या मायेनं म्हणाली की मला रागावताही येईना. मी आत गेले, आणि तिनं पुढं सरकवलेल्या खुर्चीत बसले.